शब्दाचं घर पाहणारे मास्तर

चिंतलवार मास्तरांना वर्गात खुर्चीवर बसलेलं पाहिलेला विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. मूल गावच्या आमच्या शाळेत त्यांच्या वर्गात खुर्ची होती, नाही असं नाही. पण तिच्यावर खडूंचा डबा असायचा, फळा पुसायचं फडकं असायचं आणि टाचणाची वही असायची. मास्तर स्वतः दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत. शिकवताना चालत, वह्या तपासताना चालत, कोणी भेटायला आलं तर त्यालाही सोबत चालवत. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. भिंतीपलीकडून त्यांच्या वहाणांची फटफट ऐकता ऐकता फळ्यावरचे माझे अपूर्णांक चुकायचे आणि पोरांना वाटायचं, वानखडे गुरुजींनाच येत नाही.

माणूस ठेंगणा, काळासावळा, डोक्यावर टोपी कधी सरळ नाही. घराणं मूळचं सिरोंच्याकडचं, त्यामुळे घरात तेलुगू, रस्त्यावर इकडची झाडीपट्टीची मराठी, बाजारात हिंदी आणि जंगलातली माणसं भेटली की मोडकीतोडकी गोंडी. चारही भाषा ते एकाच चालीत बोलायचे, म्हणजे भरभर आणि अर्ध्यातून दुसरीकडे वळून. शिकवायचे मात्र इंग्रजी. खिसे कायम फुगलेले, कारण रस्त्यात सापडलेला इंग्रजी छापलेला कागद ते सोडत नसत. क्विनाइनच्या पाकिटावरची सूचना, रेल्वेच्या पार्सलाची चिठ्ठी, बिस्किटाच्या डब्याचं लेबल, काहीही चालायचं. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने नोंद असे: सावली गावच्या बाजारात, गुळाच्या पुडीला. किंवा, दवाखान्यामागे, पाऊस येऊन गेल्यावर. मला तो शुद्ध चक्रमपणा वाटायचा आणि मी तसं म्हणतही असे.

त्यांच्या घरी एक जाडजूड डिक्शनरी होती. तिला ते नुसतं 'ते पुस्तक' म्हणत, आणि तेही नाक मुरडून. "त्याच्यात सगळे शब्द हायेत वानखडे, पन एकबी आपल्या घरी नाई. सगळे धर्मशाळेत झोपले हायेत. वळख कशी पटन?"

मी अमरावतीकडचा, नवा. नोकरीला लागून महिना झाला असेल. वडिलांनी एक पत्र पाठवलं. माझ्यासाठी जी मुलगी पाहिली होती, तिच्या वडिलांचं ते पत्र होतं, आणि ते इंग्रजीत होतं. पोस्टमास्तर होते ते. पोस्टमास्तरला इंग्रजीत लिहिण्याची हौस असणारच. त्यात एक वाक्य होतं, की आमची मुलगी 'फेअरली' शिकलेली आहे. माझं इंग्रजी गणिताच्या माणसाचं असतं तेवढं. फेअरली म्हणजे चांगली शिकलेली, की आपली बरी, जेमतेम? रात्रभर तो शब्द मला टोचत राहिला. सकाळी विहिरीवर मास्तर दिसले. मी आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं, "मास्तर, फेअरली म्हणजे काय हो?"

"मले काय मालूम?" मास्तर म्हणाले. "आधी घर दाखवा."

"कोणाचं घर?"

"शब्दाचं. कुठी राह्यते तो, शेजारी कोन हाये त्याच्या, कोनं आनून बसवलं त्याले. घर पाह्यल्याशिवाय मी कोनत्याच शब्दाचा अर्थ सांगत नाई."

खासगी पत्र दाखवायची माझी मुळीच इच्छा नव्हती. पण राहवत नव्हतं. पत्र दिलं. मास्तरांनी विहिरीभोवती फेऱ्या मारत ते तीनदा वाचलं. सासरा काय करतो, वय किती, मुलगी थोरली की धाकटी, असं वकिलासारखं विचारलं. मग एकदम थांबून म्हणाले, "सही एका हाताची हाये न् पत्र दुसऱ्या हाताचं. हे अक्षर पोरीचं हाये. बापानं सांगलं, पोरीनं लिवलं. बाप म्हनला असन का लय शिकलेली लिव, तं पोरीले लाज वाटली. तिनं फेअरली लिवलं. होय म्हना वानखडे. स्वतःबद्दल असा शब्द शोधून काढनारी पोरगी लय शिकलेली असते."

मी होय म्हटलं. लग्नानंतर बायकोला विचारलं, तर ती आधी हसली, मग लाल झाली, आणि मग म्हणाली, "माझं पत्र वाचणारा तो मेला चोमडा कोण?" पुढे मास्तर घरी आले की तीच त्यांना सर्वांत आधी चहा द्यायची.

वर्गातही त्यांची तीच तऱ्हा. दुसरे मास्तर शब्दांच्या याद्या पाठ करून घ्यायचे. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, मध्ये एक रेघ. चिंतलवार मास्तरांच्या वर्गात ती रेघ नव्हतीच. 'प्लीज' शिकवायचा होता तेव्हा त्यांनी सगळा वर्ग स्टेशनावर नेला. गाडीला उशीर होता. तिकिटाच्या खिडकीशी एक पाद्रीबाबा बाबूला काहीतरी विचारत होते, त्यात दोनदा प्लीज आला. थोड्या वेळाने जंगल खात्याचे एक साहेब आले. त्यांनी आपल्या अर्दलीकडे न बघताच वळकटीकडे बोट केलं आणि म्हणाले, प्लीज. अर्दली धावला. पोरांनी वहीत लिहून घेतलं: पाद्रीबाबाचा प्लीज म्हणजे मेहेरबानी करा. जंगलसाहेबाचा प्लीज म्हणजे उचल, नाहीतर पाहतो. मास्तर प्लॅटफॉर्मवर येरझारा घालत होते, इतके खूश, की गाडी आली आणि गेली तरी त्यांना कळलं नाही.

त्याच वर्षी तपासणीला साहेब आले. त्यांनी वर्गाला विचारलं, प्लीज या शब्दाचा अर्थ सांगा. पहिल्या बाकावरचा मुलगा अदबीने उठून म्हणाला, "कोन म्हनते साहेब? पाद्रीबाबा का जंगलसाहेब?" कोणीही हसलं नाही. सगळा वर्ग साहेबांच्या तोंडाकडे पाहत उत्तराची वाट बघत होता. साहेबांना वाटलं, आपली टिंगल चालली आहे. शेऱ्यात त्यांनी लिहिलं की या वर्गाला शब्दांचे अर्थ येत नाहीत. मास्तरांनी तो शेरासुद्धा चालता चालता वाचला आणि म्हणाले, "बरोबर लिवलं त्यानं. त्याच्या घरून पाह्यलं तं बरोबरच हाये." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मास्तर, एकोणीस वर्षं झाली तुम्हाला, अजून हेडमास्तर का नाही झालात ते आता मला कळलं.

हे मी बोलायला नको होतं. ते मला सोडून एकटेच पुढे चालत गेले.

हेडमास्तर व्हायचं त्यांच्या फार मनात होतं. मानापेक्षा त्यांना त्या याद्या बंद करायच्या होत्या, पाचवीपासून अकरावीपर्यंत सगळ्या. त्या उन्हाळ्यात आमचे जुने हेडमास्तर सेवेतून मोकळे होणार होते. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष मास्तरांना बोलावून म्हणाले, "मास्तर, दोन महिने जाग्यावर बसा. पोरायले घेऊन गावभर हिंडू नोका. मंग खुर्ची तुमचीच." आणि मास्तर खरोखर बसले. वर्गात नव्हे, तिथे त्यांना जमलंच नाही. पण शाळा सुटल्यावर ऑफिसच्या ओसरीत, वहाणा काढून, पाय आखडून. खिशातले कागदसुद्धा बाहेर काढून ठेवले. मला बरं वाटलं. आज त्या बऱ्या वाटण्याचीच लाज वाटते.

त्या सुमाराला मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मालगुजारांचे तलाव सरकारात जमा झाले, आणि कोणत्या तलावात मासे कोणी धरायचे असा प्रश्न गावोगाव उभा राहिला. वरून इंग्रजीत हुकूम आला होता. जे लोक एखाद्या तलावात 'युज्वली' मासे धरतात, त्यांना ते धरू द्यावेत. जिथे असं कोणी नाही, तो तलाव ठेक्याने द्यावा. चौकशीला एक साहेब दौऱ्यावर निघाले होते. मद्रासकडचे, हिंदी कामापुरतं, मराठी शून्य. मूलच्या मुक्कामात त्यांना दुभाष्या हवा होता. कमिटीने मोठ्या तोऱ्यात आपले चिंतलवार मास्तर देऊ केले.

मूलपासून तीन कोसांवर बोरटोला नावाची वस्ती आहे. तीस-पस्तीस घरं ढिवरांची. पावसाळ्यात नदीवर मासेमारी, थोडी धानाची शेती, बाकी मजुरी. तिथला तलाव मोठा आणि मासा भरपूर. त्यावर मूलच्या एका ठेकेदाराचा डोळा होता. वस्तीचा म्हातारा सोमाजी चौकशीच्या दोन दिवस आधी शाळेत आला. मास्तर ओसरीत बसलेले. सोमाजी खालीच उभा राहून म्हणाला, "मास्तर, एक डाव तलाव पाहून जा नं. तिथी उभं राह्यल्याशिवाय समजत नाई."

मास्तरांनी आतल्या ऑफिसकडे एक नजर टाकली. "काऊन रे सोमाजी? साहेब इचारतीन, तू सांगजो, मी इंग्रजीत सांगन. एवढंच तं हाये."

"एवढंच हाये," सोमाजी म्हणाला. पण तो बराच वेळ तिथेच उभा होता.

चौकशी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात झाली. मीही गेलो होतो. परीक्षा संपल्या होत्या आणि करमणूक म्हणून दुसरं काही नव्हतं. मास्तरांना साहेबांच्या शेजारी खुर्ची दिलेली. ते तिच्यावर ताठ बसले होते. साहेबांनी विचारलं, या तलावात युज्वली मासे कोण धरतं?

मास्तरांनी सोमाजीला विचारलं, "तुमच्या तलावात नेहमी मासोळी कोन धरते?"

सोमाजीने पाठ सरळ केली. मान वर केली. "कोनीबी नाई साहेब. आमच्या तलावात जाळं पडत नाई. लेकराचा गळबी पडत नाई. इचारा कोनालेबी."

"नोबडी, सर," मास्तर म्हणाले.

साहेबांनी लिहून घेतलं. ठेकेदाराने पायावरचा पाय काढून दुसरा टाकला. सोमाजीची सही म्हणून अंगठा झाला, दुभाष्या म्हणून मास्तरांची सही झाली, आणि पुढच्या गावाची माणसं वर आली. सगळं मिळून एक कप चहा प्यायला लागतो तेवढा वेळ. सोमाजी पायऱ्या उतरला तो खुशीत. आपण अगदी चांगलं सांगितलं असं त्याला वाटत होतं.

खाली आंब्याच्या सावलीत त्याची बायको भागाबाई बसली होती. काय विचारलं, काय सांगितलं, ते तिने नवऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि ती उठून थेट मास्तरांच्या समोर आली.

"मास्तर, मंग पुढचं सांगलं का नाई तुमी?"

"पुढचं कोनतं बाई?"

"कोनी जाळं टाकत नाई म्हून तं मासोळी आमची हाये! वरीसभर राखली कोनं? आमीनं. वरसातून एक दिस उतरतो आमी तलावात, सारा गाव, पोराबाळासकट. त्या एका दिसासाठी बाकीचे सारे दिस हात नाई लावत. माह्या सासऱ्याच्या सासऱ्यापासून चालून राह्यलं हे. ते सांगलं का नाई?"

 मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना ओळखत होतो, म्हणून मला त्या टोपी काढण्याची भीती वाटली.

त्याच दुपारी आम्ही बोरटोल्याला गेलो. वैशाखाचं ऊन, वाटेवर मोहाच्या झाडाखेरीज सावली नाही. मी दर फर्लांगाला कुरकुरत होतो आणि मास्तर माझ्यापुढे पन्नास पावलं. तलावाच्या पाळीवर पोचलो तेव्हा मला आधी काहीच दिसलं नाही. पाणी होतं, काठाला वाळलेला चिखल होता. मग लक्षात आलं, की चिखलावर एका माणसाचं पाऊल नाही. गुरांची वाटसुद्धा काटे टाकून एका कोपऱ्यात वळवलेली. पाळीवर झोपडी, तिच्यात एक आंधळा म्हातारा राखणीला. दिसत नाही पण पाण्यात खडा पडला तरी ऐकू येतो, म्हणून त्याला ठेवलेला. तलावाच्या मधोमध एक काळा दगड पाण्याखाली होता. पाणी उतरून त्याचं डोकं उघडं पडलं की दिवस ठरायचा. ज्या घरच्या पोराने त्याआधी गळ टाकला, ते घर त्या दिवशी पाळीवरच उभं राहायचं, पाण्यात उतरायचं नाही. सोमाजीच्या आठवणीत असं एकदाच झालं होतं, आणि ते घर पुढे लाजेने वस्ती सोडून गेलं होतं.

"दगड कवा दिसन?" मास्तरांनी विचारलं.

"आठ-धा दिस," सोमाजी म्हणाला.

मास्तर पाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग माझ्यासमोर उभे राहून, जणू मीच काही केलं होतं अशा रागाने म्हणाले, "एकोनीस वरसं पोरायले सांगून राह्यलो मी, का आधी घर पाहा. न् मी सोता? खुर्चीवर बसून सांगलं, वानखडे. खुर्चीवर बसून. ह्या मानसानं शाळेत येऊन म्हनलं होतं का पाहून जा."

साहेब दुसऱ्या दिवशी पहाटेच गडचिरोलीला गेले होते. आम्ही मागून निघालो. मास्तर, सोमाजी आणि मी. मी का गेलो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा त्यांना एकट्याला सोडायची हिंमत झाली नाही. नदीपर्यंत मोटार, पुढे वैनगंगेची तापलेली वाळू, मधल्या धारेला डोंगा. डोंग्यात मास्तर उभे राहिले आणि नावाड्याच्या शिव्या खाल्ल्या. गडचिरोलीला कळलं की साहेब तिथे न थांबता तसेच पुढे अहेरीला गेले. मोटार दुसऱ्या दिवशी होती. मास्तर दुसऱ्या दिवसाची वाट बघणार नव्हते. अहेरीच्याच वाटेवर, आलापल्लीकडे रिकामा परतणारा लाकडाचा ट्रक त्यांनी गाठला. मागच्या उघड्या फळीवर आम्ही दोघं बसलो, आणि मास्तर पुढचा दांडा धरून उभे. आष्टीच्या पुढे जंगल लागलं, साग पानं झडून उघडा, धूळ नाकातोंडात. सोमाजी मध्येच विचारायचा, "मास्तर, दगड दिसला असन का वो आतापावेतो?"  मास्तरांचा दांड्यावरचा हात तेवढा सारखा उघडमीट करत राहायचा.

अहेरीत बाजाराचा दिवस होता. साहेब आपल्या तंबूबाहेर टेबल टाकून कागद पाहत होते. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता, आणि त्याच्यासमोर कागदांचा ढीग होता. मास्तरांनी भरभर इंग्रजीत सगळं सांगितलं. तलाव, राखण, आंधळा म्हातारा, काळा दगड. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या म्हाताऱ्याने जे शब्द उच्चारले, ते तुम्ही बरोबर सांगितले होते ना?"

"बरोबर सांगितले होते."

"मग चूक कुठे आहे?"

मास्तर टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले. "तुम्ही विचारलेला युज्वली, साहेब, मी सोमाजीपर्यंत पोचवलाच नाही. त्या शब्दाचं घर तलावावर आहे. तिथे युज्वली म्हणजे वर्षातून एक दिवस, आणि त्यासाठी उरलेले सगळे दिवस. मी तो मूलच्या व्हरांड्यातला सांगितला."

 साहेब म्हणाले की दुभाष्याला नंतर काही वाटलं, एवढ्यावरून जबाब मोडता येत नाही. मात्र आपला त्या वेळचा तर्जुमा चुकला असं दुभाष्याने स्वतः लिहून दिलं, तर तो जबाब रद्द करून नवा घेता येईल. "पण विचार करा," ते म्हणाले. "तुम्ही इंग्रजीचे शिक्षक आहात. हा कागद फायलीत राहील. तुम्हाला शाळेने पाठवलं होतं, तेव्हा त्याची नक्कल तुमच्या कमिटीला जाईल."

मी मास्तरांची बाही धरली. खरंच धरली. मराठीत म्हटलं, मास्तर, खुर्ची जाईल. थोडं थांबा, अर्ज करू, वकील पाहू.

"अर्ज करेपावेतो दगड उघडा पडन," मास्तर म्हणाले, आणि साहेबांकडे टाक मागितला.

उभ्याने लिहिलं त्यांनी. मी खांद्यावरून वाचलं. इंग्रजी साधं होतं, मलाही कळलं. मी, मूलच्या शाळेत एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवणारा शिक्षक, लिहून देतो, की युज्वली या शब्दाचा तो ज्या ठिकाणी विचारला गेला त्या ठिकाणचा अर्थ मला माहीत नव्हता.

साहेबांनी वाचलं आणि मान हलवली. हे असं चालायचं नाही, म्हणाले. 'त्या ठिकाणचा' वगैरे फायलीत कोणाला कळणार नाही, वर गेल्यावर प्रश्न येतील. सरळ लिहा. अर्थ माहीत होता की नव्हता?

बाजारातला गलबला तंबूपर्यंत येत होता. मास्तर टाक घेऊन कागदावर वाकले. आयुष्यभर हा माणूस शब्दाच्या आजूबाजूचं गोळा करत हिंडला होता, आणि आता त्याच्याकडून नेमकं तेवढंच खोडून मागत होते. त्यांनी टाक बुडवला आणि मधले शब्द एका रेघेत खोडले. उरलं ते इतकंच, की मूलच्या शाळेत एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाला युज्वली या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. खाली सही केली. त्यांचं अक्षर एरवी पळतं असे. ही सही मात्र शाळेतल्या पोराने काढावी तशी एकेक अक्षर सुटं होती.

पुढची पंचाईत साहेबांच्या ध्यानात आली ती कागद वाळल्यावर. ज्याने आपल्याला अर्थ येत नाही असं लिहून दिलं, त्याला दुभाष्या कसा ठेवायचा? अहेरीत त्या घटकेला इंग्रजी जाणणारा दुसरा माणूस हाताशी नव्हता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सोमाजीच्या मागे सरकलो.

मास्तरांना तंबूपासून वीस पावलं लांब उभं केलं होतं आणि बोलायची मनाई होती. मी सोमाजीचं इंग्रजी करत होतो, म्हणजे क्रियापदांची कत्तल करत होतो. एकदा तर शब्दच सुचेना, तेव्हा सोमाजीने काडीने जमिनीवर तलाव काढला, मध्ये खडा ठेवला आणि गावच्या तीस-पस्तीस घरांसाठी तितके चिंचोके मांडले. साहेब खुर्चीवरून उठले आणि उकिडवे बसून बघू लागले. खडा उघडा पडतो तो दिवस कोणता, त्याआधी जो गळ टाकतो त्याचं काय होतं, हे त्यांनी स्वतःच खुणांनी विचारलं. मी मागे वळून पाहिलं. मास्तर त्या वीस पावलांवर गोल गोल फिरत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. माझी एकेक चूक ते लांबून दुरुस्त करत असावेत.

हुकूम बोरटोल्याच्या बाजूने झाला. तलाव ठेक्यात गेला नाही.

नक्कलही आठ दिवसांत मूलला पोचली. कमिटीत ती मोठ्याने वाचली गेली. मी तिथे उभा राहून अहेरीतली सगळी हकिकत सांगितली. अध्यक्ष म्हणाले, "ते समदं ठीक हाये वानखडे, पन कागदावर काय लिवलं हाये ते पाहा नं." खुर्ची दुसऱ्याला मिळाली. बाजारात पोरं 'युज्वली मास्तर' म्हणून हाका मारू लागली, आणि त्यात त्यांचे जुने विद्यार्थीही होते. मला इतका संताप आला, की एकाच्या कानाखाली मी खरोखर वाजवली. मास्तर मला म्हणाले, "काऊन मारता? त्यायनं तो कागदच तेवढा पाह्यला."

मी सुट्टीत अमरावतीला जाऊन जूनमध्ये परतलो, तोवर ते मूल सोडून सिरोंच्याकडे गेले होते. कुठल्या शाळेत, काय करायला, काही नक्की कळलं नाही. त्यामुळे मी जायच्या आदल्या दिवशी त्यांना पाहिलं तेच शेवटचं.

त्या वर्षी दगड जरा उशिरानेच उघडा पडला. बोरटोल्याहून निरोप आला, म्हणून आम्ही दोघं सकाळीच गेलो. सगळी वस्ती पाण्यात होती. म्हातारे, बाया, कडेवरची लेकरं, जाळी, टोपल्या, लुगडी, ज्याच्या हाती जे असेल ते. चिखलाने सगळ्यांची तोंडं एकसारखी झालेली. आरडाओरडा इतका, की आंधळा राखणदार झोपडीबाहेर बसून दोन्ही कानांवर हात ठेवून हसत होता. दुपारी सगळा मासा पाळीवर आला. पळसाच्या पानांवर वाटे पडले, घरामागे एक, लहान घर मोठं घर असा भेद नाही. भागाबाई एकेका घराचं नाव घेत होती आणि त्या घरचं माणूस पुढे येऊन वाटा उचलत होतं. सगळी नावं संपली तरी एक वाटा उरला.

"चिंतलवार मास्तर," भागाबाईने हाक दिली.

मास्तरांच्या घरात सात पिढ्यांत कोणी मासा खाल्ला नव्हता. त्यांच्या चुलीवर अंडंसुद्धा चढत नसे, आणि बोरटोल्यात हे लहान पोरालाही ठाऊक होतं. मी हळूच म्हटलं, "मास्तर, द्या इकडे, मी घेतो. बायको आवडीने करते."

"नाई वानखडे," ते म्हणाले. "माहं नाव घेतलं तिनं."

ते पुढे गेले. वाकून दोन्ही हातांनी पान उचललं. मासे ओले होते, एक-दोन अजून तडफडत होते. पाणी त्यांच्या मनगटांवरून धोतरावर गळत होतं, आणि ते हात अंगापासून लांब धरून, पान सांडू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत पाळीवरून चालू लागले. माझ्याकडे सायकल होती. पिशवी देतो म्हटलं तरी त्यांनी ऐकलं नाही. तीन कोस उन्हात ते तसेच मूलपर्यंत गेले. घरी ते पान कोणी उंबऱ्याच्या आत घेणार नव्हतं, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.